मैदान कधी रिकामं करायचं? ‘दामिनी’ ॲप वापरल्यावर मिळालेलं उत्तर

कोथरूडमध्ये मी मुलामुलींना धावणं, लांब उडी आणि गोळाफेक शिकवते. मैदान भाड्याचं आहे. चारही बाजूंनी तारेचं कुंपण, एका कोपऱ्यात पत्र्याची शेड, समोरच्या कोपऱ्यात दोन जुनी कडुनिंबाची झाडं. उन्हाळी सुट्टीत संध्याकाळच्या बॅचला ऐंशीच्या घरात मुलं असतात आणि पुण्यात वळवाची वेळही नेमकी तीच. चार वाजेपर्यंत अंग भाजणारं ऊन, मग पूर्वेकडे काळोखी, आणि बघता बघता धुळीचा लोट. अशा वेळी मुलांना नेमकं केव्हा आत घ्यायचं, हे प्रशिक्षकाच्या कुठल्याच शिबिरात मला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचं खात्रीचं उत्तर मला, वीज कुठे पडते आहे ते दाखवणाऱ्या ‘दामिनी’ या ॲपनं दिलं. ज्यांच्या भरवशावर दुसऱ्यांची मुलं उघड्यावर असतात, त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं असं मला मनापासून वाटतं.

ॲप फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं, मराठीतही आहे. बनवलंय आपल्याच पुण्यात. आमच्या मैदानावरून वेताळ टेकडी दिसते. तिच्या पलीकडे पाषाणला आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या डॉ. सुनील पवार यांच्या गटाचं हे काम. लोकेशन चालू करून ॲप उघडलं की नकाशावर आपली जागा दिसते आणि तिच्याभोवती दोन वर्तुळं: आतलं २० किलोमीटरचं, बाहेरचं ४० किलोमीटरचं. वीज झाली की तिथे ठिपका उमटतो. ठिपक्याच्या रंगावरून कळतं की ती गेल्या पाच मिनिटांतली आहे, त्याआधीच्या पाचातली की आणखी जुनी. काय करावं, काय टाळावं याच्या सूचनाही त्यातच आहेत. बस्स, एवढंच. बाकी फापटपसारा नाही, आणि घाईच्या वेळी हातात तेच हवं असतं.

आता आम्ही ते कसं वापरतो ते जरा सविस्तर सांगते. ॲप डाउनलोड करायला दोन मिनिटं लागतात, पण त्याचा उपयोग व्हायचा तर आधी काही गोष्टी ठरलेल्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. मैदान रिकामं करायला किती वेळ लागतो, हे आम्ही एकदा स्वच्छ हवेत शिट्टी वाजवून पाहिलं. अडथळे आणि गोळे तिथेच टाकून निघायचं, छोट्यांना मोठ्यांनी हाताला धरायचं, बूट हातात घेऊन थांबायचं नाही, असं सगळं सांगूनही शेजारच्या शाळेच्या पक्क्या इमारतीत शेवटचं मूल पोचेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. म्हणून आमच्याकडे बाहेरचं वर्तुळ हा इशारा आणि आतलं वर्तुळ ही शेवटची रेघ. ४० किलोमीटरच्या आत ठिपके येऊन आपल्याकडे सरकताना दिसले की गोळाफेक आणि उडी बंद, सामान जागेवर, मुलं फाटकाजवळ. २० च्या आत पहिला ठिपका पडायच्या आधी मैदान मोकळं झालेलं हवं. ढग ताशी तीसेक किलोमीटरनं सरकत असेल तर बाहेरच्या वर्तुळापासून आतल्यापर्यंत यायला त्याला चाळीस मिनिटं लागतात. पुष्कळ झाली. पण वळीव नेहमी लांबून चालतच येतो असं नाही, कधी कधी तो जागेवरच तयार होतो. तेव्हा चाळीस मिनिटं आहेत असं धरून कधीच चालायचं नाही.

दुसरी गोष्ट, जायचं कुठे. पत्र्याच्या शेडमध्ये नाही, हे पालकांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिन्ही बाजूंनी उघडी शेड पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. झाडाखाली तर अजिबातच नाही. झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी घेऊ शकते आणि मुळांपाशी उतरून जमिनीत चारी बाजूंना पसरते. पसरताना जमिनीवरच्या दोन जवळच्या जागांमध्येही विजेच्या दाबाचा फरक असतो. दोन पाय फाकवून उभं राहिलं तर त्या फरकामुळे करंट एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. झाडाखाली थांबलेली गुरं एका विजेत एकदम दगावतात ती बरेचदा यामुळे. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं. म्हणून मुलांना मी सांगते, कुठेच आडोसा नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा, जमिनीवर आडवं पडू नका. तारेच्या कुंपणाला हात लावायचा नाही. पक्की इमारत चांगली, पत्र्याच्या टपाची बंद मोटारही चालते. स्कूटरवरून न्यायला आलेल्या बाबांना मात्र आम्ही मुलासकट आत बसवतो. काही जण रागावतात. रागावू देत.

तिसरी गोष्ट, परत केव्हा यायचं. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून अर्धा तास. मध्ये पुन्हा गडगडलं तर अर्धा तास पहिल्यापासून. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद या नियमावरून होतात, कारण तोवर ऊन पडलेलं असतं, मुलं कंटाळलेली असतात आणि फीचे पैसे मोजलेले असतात.

“पाऊस तर नाहीये, मॅडम,” हे वाक्य प्रत्येक मोसमात ऐकू येतं. पाऊस हे मोजमापच नाही. वीज ढगाच्या पावसापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, निरभ्र वाटणाऱ्या आकाशाखालीही पडू शकते. आणि गडगडाट शांत माळावर फार तर पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो. कर्वे रस्त्याच्या रहदारीत त्याच्याही निम्म्यावर येत असेल. याचा सरळ अर्थ, ज्या क्षणी मैदानावर गडगडाट ऐकू आला, त्या क्षणी आपण विजेच्या टप्प्यात आलेलोच असतो. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनानं भागले की किलोमीटर मिळतात, हे मुलांना येतं आणि त्यांना ते आवडतं. पण त्या हिशेबानं मैदान रिकामं करायला उशीरच होतो. कानाला जे कळायला उशीर लागतो ते ॲपला आधी कळलेलं असतं.

मे महिन्यातली एक संध्याकाळ सांगते. आमच्याकडे लख्ख ऊन होतं. यवतच्या बाजूला ठिपके दिसत होते, मग ते उरुळी कांचनच्या आसपास आले, म्हणजे आमच्या बाहेरच्या वर्तुळात. शिट्टी झाली. एका आजीनं मला बाजूला घेतलं आणि हात धरून म्हणाली, “ताई, माझा नातू पायाळू आहे हो. त्याला सगळ्यांच्या आधी आत घ्या.” पायाळू माणसावर वीज पडते, हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. आमची आजी तर विजा चमकायला लागल्या की अर्जुनाची नावं घेत उंबऱ्यात बसायची. त्या आजींना मी म्हटलं, “आजी, वीज जन्म कसा झाला ते बघत नाही. उंच काय आहे, उघड्यावर कोण आहे, एवढंच तिला कळतं. तुमचा नातू आणि बाकीची सगळी मुलं एकदमच आत जाणार आहेत.” त्या आमच्याबरोबर शाळेच्या व्हरांड्यात बसल्या. ठिपके लोणी काळभोरपर्यंत आले आणि तिथून सासवडकडे वळले. आमच्यावर थेंबही पडला नाही. सराव बुडाला.

असं पुष्कळदा होतं, आणि ॲप घेणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यायला हवं. वीज कुठे झाली हे दामिनी सांगतं. पुढची कुठे पडेल हे आपण ठिपक्यांच्या चालीवरून ताडायचं असतं. मैदान रिकामं केलं आणि वळीव दुसरीकडे गेला, तर तो सराव फुकट गेला असं मी मानत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. त्यांतली बहुतेक उघड्यावर काम करणारी, शेतात राबणारी, गुरांमागे गेलेली. पुणं, बारामती, मराठवाडा, विदर्भ, कुठेही एप्रिल-मे आणि पुन्हा परतीच्या पावसाच्या दिवसांत हे चालू असतं. एवढ्या मृत्यूंसमोर बुडालेले सराव मोजायला बसावं असं मला वाटत नाही.

ॲपच्या मर्यादा वापरणाऱ्याच्या बाजूनं सांगते. त्याला इंटरनेट लागतं. सुट्टीत मी मोठ्या मुलांना राजगडला नेते. गुंजवण्याच्या वाटेनं वर चढताना रेंज येते-जाते, तेव्हा तिथे ॲपच्या भरवशावर राहता येत नाही. गडावर जायचं असेल तर पायथ्याशीच बघून ठरवायचं आणि दुपारच्या आत उतरायचं. फोनचं लोकेशन बंद असेल तर वर्तुळं कशाभोवती काढायची हे ॲपला कळणार नाही, हेही लक्षात असू द्या. आणि सकाळी उठून आजचा दिवस कसा जाईल हे विचारायचं असेल तर त्यासाठी हवामान खात्याचं ‘मौसम’ आहे, शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ आहे. दामिनी पुढच्या तासाभरासाठी. मी सकाळी मौसम बघते, चारनंतर दामिनी.

सगळ्यात मोठी अडचण मात्र माणसाची आहे. प्रशिक्षकाच्या एका हातात स्टॉपवॉच असतं, तोंडात शिट्टी, नजर मुलांवर. तो फोन बघत बसू शकत नाही आणि बघूही नये. म्हणून आम्ही मैदानाच्या मामांना हे काम दिलं. मामा साठीच्या पुढचे आहेत, पाणी मारणं, फाटक, चुन्याच्या रेघा सगळं तेच बघतात. जुन्या फोनवर ॲप घालून तो त्यांच्या खोलीत चार्जरला लावून ठेवला. मामांना ते पहिल्याच दिवशी समजलं. आता ठिपका बाहेरच्या वर्तुळात आला की ते फाटकावरची लोखंडी घंटा वाजवतात, आणि घंटा वाजल्यावर माझंसुद्धा मत विचारायचं नाही असं ठरलं आहे. हा अधिकार त्यांना दिला हा आमच्या पूर्ण व्यवस्थेतला सगळ्यात कामाचा निर्णय होता.

हे ॲप चालतं कसं, याची मला उत्सुकता होती. तिचं समाधान केलं शहरातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या चार विद्यार्थ्यांनी. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांना विजेचा इशारा देणारी पेटी कुठेतरी खरोखर लावून बघायची होती आणि आमचं मैदान त्यांना सोयीचं वाटलं. पेटी खांबावर चढवता चढवता त्यांनी मला सांगितलं, ते असं. प्रत्येक विजेतून रेडिओ लहरी निघतात. जुन्या रेडिओवर मीडियम वेव्ह लावलं की वळवात जी खरखर यायची ती हीच. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. वेगवेगळ्या ठिकाणच्या सेन्सरांना तीच लहर किंचित पुढेमागे ऐकू येते. सगळ्यांची घड्याळं जीपीएसनं जुळवलेली असतात, तेव्हा त्या पुढेमागेच्या फरकावरून वीज कुठे झाली हे गणितानं निघतं. आयआयटीएमनं यासाठी देशभरात ८३ ठिकाणी सेन्सर बसवल्याचं सरकारी माहितीत आलं होतं. आपल्या हातातल्या फोनवर उमटणारा ठिपका म्हणजे या सेन्सरांनी मिळून दिलेली साक्ष.

ही विद्या मुळात विद्यापीठांत वाढली, हेही या मुलांकडूनच कळलं. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातले क्रायडर आणि नॉगल, आणि फ्लोरिडा विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकवणारे उमन यांनी १९७६ साली जमिनीवर पडणारी वीज ओळखून तिची दिशा दाखवणारा अँटेना मांडला. त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो जंगलातले वणवे शोधायला. अलास्कात आणि पश्चिमेकडच्या राज्यांत कोरडी वीज पडून कुठे आग लागली असेल हे त्यावरून कळायचं. मग ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या आल्बनी केंद्रातून पूर्वेकडे सेन्सरांचं जाळं उभं राहिलं आणि दशक संपेपर्यंत त्या पूर्ण देशावर पसरलं. आजही सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून जगभरच्या विजांवर कान ठेवणारं एक जाळं चालवलं जातं. प्रयोगशाळेतल्या अँटेनापासून मामांच्या खोलीतल्या जुन्या फोनपर्यंत हे काम आलं आहे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

आता त्या पेटीबद्दल, कारण तीही आम्ही वापरली आहे. आत नखाएवढी एक चिप आहे, ती ५०० किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी ऐकते आणि त्या लहरींच्या जोरावरून वीज अंदाजे किती लांब आहे ते सांगते. जवळ आली की भोंगा. इंटरनेट लागत नाही, कुणी बघत बसावं लागत नाही. उघड्या मैदानाला हेच हवं, म्हणून मी खूप आशेनं ती लावून घेतली. पण सुरुवातीला मैदानावर पाणी मारायचा पंप चालू केला की भोंगा व्हायचा. पंपाच्या मोटारीची ठिणगीही चिपला वीजच वाटायची. मुलं शांतपणे तीन-तीन तास पंप चालू-बंद करत बसली, पेटी पंपापासून लांबच्या खांबावर नेली, चिपची संवेदनशीलता कमी केली, तेव्हा खोटे भोंगे बरेच थांबले. तरी एक उणीव राहिलीच आणि ती त्यांच्या हातातली नाही: एकट्या पेटीला दिशा कळत नाही. वीज वीस किलोमीटरवर आहे हे ती सांगेल. हडपसरकडे की मुळशीकडे, जवळ येतेय की लांब जातेय, हे कळत नाही. त्यासाठी एकापेक्षा जास्त सेन्सर हवेत, म्हणजे पुन्हा जाळंच. म्हणून माझं मत असं की एकच काही निवडायचं तर दामिनी, आणि जोडीला अशी पेटी मिळाली तर उत्तम. रेंज गेली किंवा मामा चहाला गेले तरी भोंगा जागा असतो.

माझी तक्रार पेटीबद्दल नाही, पुढच्या गोष्टीबद्दल आहे. परीक्षा झाल्या, ती चार मुलं पास होऊन नोकऱ्यांना लागली आणि पेटीचं मायबाप कुणी उरलं नाही. पावसात पेटीच्या झाकणाची रबरी पट्टी सुटली तेव्हा महाविद्यालयात विचारलं, तर प्रकल्प जमा झाला आहे, गुण दिले गेले आहेत, असं उत्तर आलं. लोकांच्या जिवाशी संबंध असलेली वस्तू गुण मिळाले म्हणून पूर्ण होत नाही. मी तिथल्या विभागप्रमुखांना जाऊन भेटले. ते बोलले चांगले, आणि यंदा तिसऱ्या वर्षाची दोन मुलं पेटी सांभाळायला दिली आहेत. त्यांनी झाकण बदललं आणि बॅटरीही. पुण्यात इतकी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. प्रत्येकानं जवळच्या एका मैदानाची, एका वीटभट्टीची, एका शाळेची अशी एक पेटी वर्षानुवर्षं सांभाळली तर मुलं पुस्तकाबाहेर किती शिकतील.

ॲप घेणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे, कारण ॲप ती तुमच्यासाठी करू शकत नाही. वीज बसलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास आणि नाडी थांबली असेल तर लगेच छातीदाब सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा. आमच्या सगळ्या सहायक प्रशिक्षकांना हे शिकवून घेतलं आहे, मामांनाही.

या मोसमात मामांच्या खोलीत एक वही ठेवली आहे. तीन रकाने: दामिनीवर बाहेरच्या वर्तुळात पहिला ठिपका केव्हा, पेटीचा भोंगा केव्हा, कानाला पहिला गडगडाट केव्हा. वळीव सरला की ती वही तिसऱ्या वर्षाच्या त्या दोघांना द्यायची आहे. भोंगा किती लवकर किंवा किती उशिरा होतो ते त्यांना तपासायचं आहे. आसपासच्या कुठल्या मैदानवाल्यांना अशीच वही ठेवायची असेल तर ठेवा. रकाने हेच ठेवलेत तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघता येतील.